रात्रपाळी

बरीच वर्षं आई शेजारीपाजारी सांगायची, की लेक ध्वनिप्रदूषणावर पीएचडी करते. तिला खोटं बोलायचं नव्हतं. पण मुलगी स्कॉलरशिप मिळवून इंग्लंडला गेली आणि तिथून उलटी गोव्यात येऊन पहाटेपर्यंत पार्ट्यांत बसते, हे कुडाळच्या बाजारात मासे निवडता निवडता सांगण्यासारखं होतं थोडंच? फोनवर मात्र तिचा प्रश्न ठरलेला. "काल रात्री खंय होतंस? कामाक गेल्लंस की नाचूक?"

मी म्हणायची, कामाला. तिला ते पटायचं नाही. खरं सांगायचं तर मलाही पुरतं पटलेलं नसायचं.

माझा विषय इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक आणि त्याच्या भोवतीचं रात्रीचं जग. हाउस, टेक्नो, ट्रान्स. यंत्रांवर तयार होणारं, नाचण्यासाठीच केलेलं आणि डीजेने एकात एक गुंफत रात्रभर वाजवलेलं संगीत. महाराष्ट्रात हे सांगताना पहिली अडचण 'डीजे' या शब्दाचीच येते. आपल्याकडे डीजे म्हणजे माणूस नव्हेच, डीजे म्हणजे गाडी. 'डीजे लावला', 'डीजे आला', 'डीजे चौकात अडकला'. मामेभावाच्या लग्नात मामीने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, तू डीजेवरच शिकलीस ना, मग दोन बेस दोन टॉपवाला स्वस्तात कुठे मिळेल ते सांग. मी गप्प बसले. मामीने मनातल्या मनात माझी पीएचडी तपासली आणि नापास केली.

आणखी एक प्रश्न हटकून येतो, विशेषतः पुण्यात भाषण असलं की. अॅसिड हाउसचा, म्हणजे हाउसच्याच एका प्रकाराचा, शोध भारतातच लागला ना? हे चरणजित सिंग यांचं प्रकरण. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या या माणसाने १९८२ मध्ये मुंबईत रोलँडची टीआर-८०८ (ठेक्याचं) आणि टीबी-३०३ (खालच्या स्वरांचं) ही यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. ऐकायला बसलं की खरोखर पाच वर्षांनंतर शिकागोत निघालेलं अॅसिड हाउस ऐकू येतं. पण ती रेकॉर्ड तेव्हा खपली नाही आणि शिकागोतल्या पोरांच्या कानावर ती गेल्याचा कुठलाही पुरावा नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगाला कळलं. दोन ठिकाणी दोन माणसांनी तेच खोकं उघडलं आणि आतून तसाच आवाज निघाला, एवढीच ती गोष्ट, आणि तेवढीही पुरेशी सुंदर आहे. सभागृहात मात्र हे उत्तर कुणाला आवडत नाही.

हा विषय विद्यापीठात शिरला तो पोलिसांच्या मागोमाग, असं माझं मत आहे. ब्रिटनमध्ये १९८८ नंतर गोदामांत, शेतांत, माळांवर रेव्ह, म्हणजे रात्रभराच्या मोठ्या नाचपार्ट्या, सुरू झाल्या. मे १९९२ मध्ये कॅसलमॉर्टनच्या माळावर हजारोंच्या जमावाने जवळजवळ आठवडाभर मुक्काम ठोकला आणि १९९४ मध्ये संसदेने अशा जमावांना आवर घालणारा कायदा केला. त्याच्या ६३ व्या कलमात संगीताची जी व्याख्या आहे, तिच्यात ठोक्यांच्या एकापाठोपाठ एक येणाऱ्या पुनरावृत्तीचा उल्लेख आहे. मी ते कलम पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमच्या गावचा भजनी सप्ता आठवला. अहोरात्र, सात दिवस, एकच ठेका. इंग्लंडात असता तर गाभाऱ्यासकट जप्त झाला असता. पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, सारा थॉर्नटन यांचं क्लबांवरचं पुस्तक आलं. कुठला रेकॉर्ड, कुठला पोशाख, कुठली जागा 'खरी' हे ज्याला ठाऊक, त्याच्या हाती क्लबात एक वेगळंच भांडवल असतं, असं त्यांनी मांडलं. आजही या विषयाचा विद्यार्थी तिथूनच सुरुवात करतो.

मीही तिथूनच केली. पण मला वाटतं माझी सुरुवात त्याच्याही आधी, मुंबईत, एमए करताना झाली. आमच्या हॉस्टेलचं गेट रात्री साडेनऊला बंद व्हायचं. वॉचमनकाका वही पुढे करायचे आणि उशीर झाला तर कारण लिहायला लागायचं. त्याच काळात, २००५ मध्ये, राज्य सरकारने डान्स बारमधल्या नाचावर बंदी घातली. पंचाहत्तर हजार बायकांचं काम जाणार, असा आकडा तेव्हा सगळीकडे फिरत होता. आम्ही हॉस्टेलच्या मेसमध्ये वर्तमानपत्र समोर धरून वाद घालायचो, आणि साडेनऊला आमचं गेट लागायचं.

त्या कायद्यात एक गंमत होती. पोलीस कायद्यात ३३-अ कलम घालून बारमधला नाच बंद केला आणि लगेच ३३-ब घालून तीन तारे आणि वरच्या हॉटेलांना त्यातून सूट दिली. म्हणजे नाच तोच, फक्त गादी जाड असली की अश्लील नाही. एप्रिल २००६ मध्ये उच्च न्यायालयाने ही बंदी रद्द केली आणि जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उचलून धरला. निकालात दोन मुद्दे होते, समानतेचा आणि व्यवसाय करण्याच्या हक्काचा. दुसरा मुद्दा मी पुन्हा पुन्हा वाचला. कुणाचा तरी नाच हे काम असू शकतं, आणि ते करण्याचा हक्क घटनेत लिहिलेला आहे. आईच्या प्रश्नातला 'की' न्यायालयाने काढून टाकला होता. राज्याने नंतर पुन्हा कायदे केले, पुन्हा खटले झाले, ते सगळं इथे सांगत बसत नाही.

इंग्लंडमध्ये मार्गदर्शकांनी विचारलं, कुठला प्रदेश घेणार? मँचेस्टर म्हणायला जीभ रेटेना. म्हटलं, माझ्या घरापासून तीन तासांवर हणजुणे आहे.

गोव्यात १९७० च्या आसपास गिटारी आणि चिलमी घेऊन आलेल्या लोकांनी चांदण्यात वाजवायला सुरुवात केली. १९८० च्या दशकात गिटारी मागे पडल्या. काही फ्रेंच डीजे युरोपातून आलेल्या इलेक्ट्रॉनिक गाण्यांतले गायलेले भाग कॅसेटवर कापून टाकायचे आणि उरलेली वाद्यं एकाला एक जोडून रात्रभर वाजवायचे. शब्द नकोत, नुसता ठेका आणि त्यावर सरपटणारे स्वर. नव्वदीत या सगळ्याला जगाने गोवा ट्रान्स असं नाव दिलं. इथले डीजे विनाइलच्या तबकड्यांऐवजी डॅट या छोट्या डिजिटल टेप वापरत, कारण किनाऱ्यावरच्या उन्हात विनाइल वाकतं आणि ओझंही होतं. पण डॅटची गती कमीजास्त करता येत नाही, त्यामुळे दोन ट्रॅकचे ठोके जुळवता येत नाहीत. मग ट्रॅकच्या सुरुवातीला आणि शेवटी ठोक्याविना लांबच लांब पसरट सूर ठेवायचे आणि तिथे एकातून दुसऱ्यात जायचं. कितीतरी लेखांत या लांब सुरावटींचं 'ध्यानाचा प्रवेश' वगैरे वर्णन वाचलं आहे. असेलही. पण मुळात ती ऊन आणि यंत्र यांच्यात झालेली तडजोड.

गोवा गिल, मूळचा कॅलिफोर्नियाचा, पुढे जटाधारी साधू आणि चोवीस चोवीस तास वाजवणारा डीजे. २०२३ मध्ये तो गोव्यातच गेला. रात्रभराचा नाच म्हणजे आदिम विधीचं नवं रूप, ही कल्पना त्याने आयुष्यभर मांडली. मला ती कधीच पटली नाही, आणि याला माझं बालपण कारण आहे.

रात्रभर जागणं मी आजीच्या मांडीवर शिकले. कार्तिकानंतर आमच्याकडे जत्रा सुरू होतात. देवाची पालखी फिरून आली, की मध्यरात्री दशावतार उभा राहतो. आधी आडदशावतार, त्यातला मालवणीत टोमणे मारणारा संकासुर, मग आख्यान. पखवाज, पेटी, झांज. आम्ही पोरं पुढे घोंगडीवर आडवी. राजा आला की आजी कोपराने ढोसायची, "ऊठ, राजा इलो!" पहाटे दहीकाला झाला की धुळीत पाय ओढत घरी. हे मी एकदा परदेशातल्या एका परिषदेत सांगितलं, तर चहाच्या वेळी तिघे जण आनंदाने धावत आले. म्हणजे ही तुमची रेव्हच की! नाही हो. दशावतारात गोष्ट असते. राजाला बोलता यावं लागतं, समोरच्या म्हाताऱ्या चुका काढतात. प्रेक्षक नाचत नाही, आणि कुणी स्वतःला विसरायला येत नाही. उलट कोण कुठे बसलंय हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. दोन्हीकडे उजाडतं, एवढंच साम्य.

एवढंच, असं मी बरीच वर्षं म्हणत होते. मग मावशी भेटली.

२००७ चा डिसेंबर. गोव्यात वागातोरच्या वरच्या अंगाला, माडांच्या बुंध्यांना चमकणारे रंग फासलेली एक जागा. रात्रीचे दोन. नाचाच्या मैदानाच्या कडेने पंधरा-वीस बायका चटया अंथरून बसलेल्या. प्रत्येकीपुढे रॉकेलची चिमणी, एक स्टोव्ह, चहाचं पातेलं, अंड्यांचा ट्रे, पावाची पिशवी, बिस्किटं, सिगारेटी. परदेशी लोक त्यांना 'चाय मामा' म्हणत. चहा घेतला की चटईवर बसायची मुभा, आणि ज्यांना उभं राहवत नाही ते तिथेच झोपतही. मी एका चटईच्या कोपऱ्यावर टेकले आणि वही काढली. मावशीने स्टोव्हला पंप मारता मारता माझ्याकडे बघितलं.

"खंयची गो तू?"

"कुडाळची."

तिचा हात थांबला. तिचं माहेर पेडण्याकडचं, आते कुडाळला दिलेली. "मगे हय काय करतंस?"

"अभ्यास करतंय. ह्या लोकांचो."

तिने नाचणाऱ्यांकडे एकवार बघितलं, मग माझ्याकडे. "ह्यांचो? ह्यांच्यात काय आसा अभ्यासूचा?" आणि चहा ओतायला लागली.

तिच्या दोन्ही कानांत खोबरेल तेलात भिजवलेले कापसाचे बोळे होते. त्या हंगामात मी तिच्या चटईवर किती रात्री काढल्या असतील याची मोजदाद नाही. ती घड्याळ बघत नसे. कुठल्या प्रकारचं वाजायला लागलं की किती वाजले, हे तिला कळायचं. रात्रीचं काळंकुट्ट आणि जलद, तांबडं फुटताना स्वर उघडे व्हायला लागतात. ते उघडे झाले की ती ऑमलेटसाठी कांदा चिरायला घ्यायची, कारण आता भूक लागणार. माणसाचा जबडा कसा हलतोय यावरून कुणी काय घेतलंय ते ती ओळखायची आणि त्याप्रमाणे कुणाला चहा नाकारून साखरपाणी द्यायची. तिच्याकडे चपला, चाव्या, एकदा तर एका मुलीचा पासपोर्ट ठेवलेला मी पाहिला. पासपोर्ट स्टोव्हच्या खोक्यात, फडक्यात गुंडाळून. पहाटे ती मुलगी शोधत आली तेव्हा मावशीने आधी तिला बसवलं, चहा पाजला आणि मगच खोकं उघडलं.

तेव्हा मला जत्रेतली खाजेवाली आठवली. गॅसबत्तीखाली गूळ आणि आल्याचं खाजं मांडून बसलेली, आख्यानाकडे पाठ करून, आणि तरी राजा कधी येणार ते पक्कं ठाऊक असलेली. साम्य होतं ते मखरात नव्हतं, दुकानांच्या रांगेत होतं. मैदानातल्या माणसाला जी रात्र मोकळी वाटते, ती कडेच्या बाईने मोजून धरलेली असते. माझा प्रबंध इथे वळला. नाचणाऱ्यांवर लिहायला निघाले होते, शेवटी लिहिलं ते रात्री जागून राबणाऱ्यांवर. चटईवाल्या, जनरेटरवाला, पहाटे प्लास्टिक वेचणारे, भाड्याने मागे बसवून नेणारे मोटारसायकल पायलट. मार्गदर्शक म्हणाले, हे तर श्रमाचं समाजशास्त्र झालं, संगीत कुठे आहे? मी म्हटलं, कापसाच्या बोळ्यात.

मैदानात मी फार वेळ टिकायची नाही, हेही एक कारण होतंच. अरुण सालढाणा यांनी गोव्याच्या या पार्ट्यांवर २००७ मध्ये पुस्तक लिहिलं. पहाट होत जाते तसतसं मैदान गोरं होत जातं, आणि हे आपोआप होत नाही, असं ते दाखवतात. मी ते घरी वाचलं आणि रात्री पाहिलं. रात्री बारा-एकला मुंबई-पुण्याची, बेळगावची पोरं असायची, टोळीने, बिचकत. सकाळी सातच्या उन्हात ती नाहीशी झालेली. कुणी हाकलत नव्हतं. नजरा होत्या, पाठ फिरवणं होतं. मी एकटी, सावळी, कुर्ता घातलेली, वहीवाली. परदेशी लोकांना वाटायचं मी पोलीस आहे, आपल्या पोरांना वाटायचं भलतंच काहीतरी. चटई हीच एक जागा होती जिथे माझ्या असण्याला कारण लागत नसे.

विद्यापीठाच्या नीतिसमितीचा फॉर्म अठरा पानी होता. प्रत्येक माहितीदाराची सही घ्या, ती पूर्ण शुद्धीत असताना घ्या. पहाटे तीनला! मावशीला मी संमतीपत्रक वाचून दाखवलं, मराठीत भाषांतर करून. तिने विचारलं, सही केल्यावर कुणी येऊन चौकशी करेल का? नाही, म्हटलं. मग सही कशाला? तिने केली नाही, तोंडी हो म्हणाली. तिचं नाव मी कुठेच लिहिलेलं नाही, इथेही नाही. ध्वनिमुद्रणाची तर फजितीच झाली. अकरा तास मी रेकॉर्डर तिच्यासमोर धरला होता, आणि घरी येऊन ऐकते तर नुसता धडधडाट. माइकने खालचे ठोके तेवढे इमानाने टिपले, तिचा शब्दन् शब्द त्यात बुडालेला. प्रबंधात तिचं जे आहे ते सगळं आठवणीतून, पहाटेच्या बसमध्ये बसून उतरवलेलं.

पुढची काही वर्षं बर्लिनला गेली. तिथलं सविस्तर लिहायची मला हौस नाही, त्यावर लिहिणारे रगड आहेत. पण एवढं सांगते, तिथे हा सगळा प्रकार सरकारदरबारी चढत गेला. २०१६ मध्ये न्यायालयाने बेर्गहाइन या क्लबातल्या रात्रींना सांस्कृतिक कार्यक्रम मानलं आणि कर एकोणीस टक्क्यांवरून सातवर आला. २०२१ मध्ये जर्मन संसदेने ठराव केला, की क्लब ही सांस्कृतिक ठिकाणं समजावीत. बांधकामाच्या नियमांत ते जुगाराच्या अड्ड्यांच्या आणि वेश्यागृहांच्या ओळीत बसत होते. २०२४ मध्ये बर्लिनचा टेक्नो देशाच्या अमूर्त वारसा यादीत गेला. त्या बातमीने मला आनंद झाला, आणि लगेच मनात आलं ती संडासापाशी स्टुलावर बसणारी पोलिश बाई. समोर बशी, बशीत नाणी, शेजारी च्युइंग गमची पाकिटं. क्लबात शिरताना फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात, वही काढली की लोक बिथरतात, म्हणून मी टिपणं संडासात लिहायची. तासातून तीनदा जायची. तिसऱ्या शनिवारी तिने मला थांबवून मोडक्या इंग्रजीत विचारलं, बाळ, मूत्राशयाचा काही त्रास आहे का? मी खरं सांगितलं. ती पोट धरून हसली. त्यानंतर ती माझ्यासाठी शेवटची खोली राखून ठेवायची, जिथला दिवा बरा होता.

परत आल्यावर एका मुलाखतीत पाच जण समोर बसले होते. एका सरांनी माझ्या शोधनिबंधांची यादी वर-खाली केली आणि प्रेमळ आवाजात म्हणाले, "म्हणजे मॅडम, तुम्ही पबमध्ये जाता." बाकीचे चौघे हसले. मीही हसले, हेच अजून डाचतं. नोकरी मिळाली नाही. दुसरीकडे मिळाली, तिथे मी पहिल्या वर्षाला समाजशास्त्राची ओळख शिकवते. रात्रीचा विषय शेवटच्या सत्रात, ऐच्छिक, आणि तासिका सकाळी साडेसातची.

आता पन्नाशी दिसायला लागली. उजव्या कानात एक बारीक शिट्टी कायमची वाजते. डॉक्टर म्हणाल्या, पंच्याऐंशी डेसिबल आठ तास चालतात, त्यावर दर तीन डेसिबलला वेळ अर्धी. शंभर डेसिबलला पंधरा मिनिटं फार झाली. मी शंभरच्या जवळ वर्षानुवर्षं बसले. आपल्या नियमांत निवासी भागात रात्रीची मर्यादा पंचेचाळीस आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर भोंगे बंद. गोव्यात या नियमाने पार्टीच संध्याकाळी ओढून आणली. चार ते दहा नाच, मग घरी. चटईवाल्यांचा धंदा पहाटेचा होता, तो त्यात गेला. शिट्टीचं आईला सांगितलं तर म्हणाली, बघ, मी लोकांका सांगी होतंय ता काय खोटा नाय. ध्वनिप्रदूषणच ता.

गेल्या महिन्यात जुनी खोकी उपसताना २००७ च्या वह्या सापडल्या. त्यातल्या एका पानाला चहाचा डाग आहे. तो त्या हंगामातल्या शेवटच्या सकाळचा. नऊ वाजून गेले होते, ऊन चढलं होतं, मैदानात दहा-बारा जण उरलेले. मावशीची सून आजारी होती, म्हणून आवरायला कुणी आलं नव्हतं. तिने चटईचं एक टोक माझ्या हातात दिलं. दोघींनी मिळून सात चटया झटकल्या, वाळू आमच्याच तोंडावर आली. मी पातेली विसळली, स्टोव्हमधलं उरलेलं रॉकेल बाटलीत ओतलं. टेम्पो आल्यावर तिने कमरेची पिशवी सोडली, वीसची एक नोट काढली आणि माझ्या हातात कोंबली. मी नको नको म्हणत होते. "घे गो," म्हणाली, "रातभर काम केलंस."

त्या नोटेने मी म्हापशापर्यंतचं तिकीट काढलं, उरलेल्यात वडापाव खाल्ला. महिन्याभराने नीतिसमितीचा वार्षिक अहवाल भरायचा होता. त्यात एक रकाना होता, संशोधकाने माहितीदाराला पैसे दिले का, दिले असल्यास किती. उलट घडल्यास काय लिहायचं याला रकाना नव्हता. मी 'लागू नाही' लिहिलं.